तव्याला साबण लावू नये

साबण लावला नव्हता, ही गोष्ट हेडक्लार्क आजही छातीठोकपणे सांगतात, आणि ती अक्षरशः खरी आहे. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर बोराएवढ्या अक्षरांत चार सूचनांचा कागद चिकटवून गेल्या होत्या. पहिली, दूध उतू घालवू नये. दुसरी, खिडकीतल्या कुंडीला दिवसाआड पाणी घालावे. तिसरी, पिठाच्या डब्याचे झाकण घट्ट लावावे. आणि चौथी, तव्याला साबण लावू नये. हेडक्लार्कांनी चारही सूचना काटेकोर पाळल्या. माणसाची उभी नोकरी कागद वाचण्यात गेली की त्याला जे लिहिलंय ते दिसतं आणि जे लिहिलेलं नाही ते दिसत नाही. तव्याला साबण लावू नये एवढंच लिहिलं होतं. तारेचा ब्रश, व्हिनेगर, ड्रिल मशीन आणि पाव पोतं वाळू लावू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तवा बिडाचा होता, दांड्याचा, आणि एका हाताने उचलला तर मनगटाला दोन दिवस त्याची आठवण राहील इतका जड. सासूबाईंनी तीन वर्षांपूर्वी आपलं घर बंद केलं आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. तेव्हा खुर्च्या, कपाटं, भांडी सगळं वाटून टाकलं आणि सोबत तीन गोष्टी आणल्या: कपड्यांची बॅग, औषधांचा डबा आणि हा तवा. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींना घरात कुणीही हात लावू शकत असे.

आता इथे एक कौटुंबिक बाब स्पष्ट करायला हवी. या तीन वर्षांत सासूबाई जावयाशी थेट एक वाक्यही बोलल्या नव्हत्या. भांडण वगैरे काही नव्हतं. जावयाला नेमकं काय म्हणून हाक मारायची हा प्रश्न पहिल्या दिवशी सुटला नाही, आणि मग तो प्रलंबितच राहिला. त्या लेकीला म्हणायच्या, "त्यांना विचार, अंडी एक की दोन." 'ते' त्याच टेबलाशी हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "दोन." मग लेक हातभर अंतरावरून आईला सांगायची, की दोन म्हणतायत. हेडक्लार्कांच्या ऑफिसातही कागद असाच फिरायचा, म्हणून त्यांना या पद्धतीत वावगं असं काही दिसत नव्हतं. पण मनात कुठेतरी ते सलत होतं. आपण असं काहीतरी करावं की सासूबाईंनी आपल्याकडे वळून, आपल्यालाच म्हणावं, छान केलंत. एवढीच त्या बिचाऱ्याची महत्त्वाकांक्षा होती.

तर एका रविवारी बायको वाचनालयात कामावर गेली होती, घरात शांतता होती, आणि हेडक्लार्कांची नजर तव्यावर पडली. तवा आतून बाहेरून काळाकुट्ट होता. बाहेरच्या बाजूला तर बोटभर जाडीची खपली धरली होती. बिचाऱ्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यांना काय कळणार किती घाण साचलीय, असं हेडक्लार्कांच्या मनात आलं. आता नव्या डोळ्यांनी परत येतील आणि पाहतील तर काय, तवा लख्ख. या विचाराने त्यांना भरून आलं. हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी भरून येण्यापासूनच होते.

ड्रिल मशीन सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आणलं आणि त्याला तारेचा गोल ब्रश बसवला. वाळू ऑफिसातून, रीतसर अर्ज करून, आधीच आणून ठेवलेली होती. हेडक्लार्क बांधकाम साहित्य तपासणीच्या ऑफिसात होते आणि तपासून झालेली वाळू तिथे मागेल त्याला मिळे, फक्त मागण्याचं कारण लिहावं लागे. त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं होतं. पाच तास काम चाललं. खपली आधी पापुद्र्यांनी निघाली, मग भुकटीने, मग तव्यापेक्षा जास्त हेडक्लार्कच काळे झाले. चार वाजता तव्याचा रंग पाटीवरच्या पेन्सिलीसारखा राखाडी झाला. त्यांनी तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून मधोमध ठेवला, आंघोळ केली, आणि धुतलेला शर्ट घालून बायकोची वाट पाहत बसले.

बायको आली. तिने विचारलं, हा कुणाचा तवा. आईंचा, हेडक्लार्क म्हणाले. आईचा तवा काळा आहे, बायको म्हणाली. "होता," हेडक्लार्क म्हणाले. आयुष्यात एका शब्दाचा एवढा अभिमान त्यांना फार क्वचित वाटला होता.

बायको पर्स न ठेवता तशीच खुर्चीत बसली. पुस्तकाची पानं फाडून परत आणणाऱ्या वाचकाशी ती ज्या आवाजात बोलत असे त्या आवाजात तिने सगळं समजावून सांगितलं. ते काळं म्हणजे घाण नव्हती. पंचावन्न वर्षं रोज थोडं तेल, रोज थोडी आच, असं करत तो थर चढला होता. म्हणून त्या तव्यावर अंडं चिकटत नसे, हात लावायच्या आत घसरत ताटलीत येई. आई लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तो थर.

"तुम्ही घाण काढली नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही तवाच काढलात."

साबण लावला नव्हता, हे हेडक्लार्कांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

एवढ्यात फोन वाजला. सासूबाईच होत्या. ऑपरेशन उत्तम झालं होतं. समोरच्या गच्चीवरच्या तारेवर किती पाखरं बसतात ते आता मोजता येत होतं. येत्या रविवारी नव्हे, पुढच्या रविवारी त्या येणार होत्या. पण राहायला नाही, तवा घ्यायला. मुलगा म्हणतोय आता इथेच राहा, सूनही म्हणतेय, मोठी खोली दिलीय. घरात सगळं आहे, पण त्यांच्या एकाही भांड्यावर अंडं धड निघत नाही, तेव्हा तवा तेवढा घेऊन जाते. बायको "ये" म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिली. तीन वर्षं आई घरात होती याची तिला सवय झाली होती. आणि हेडक्लार्कांच्या लक्षात आलं की आपल्यालाही झाली आहे. हातभर अंतरावरून का होईना, सकाळी कुणीतरी आपल्याला अंडी एक की दोन असं विचारतं, हे काही थोडं नव्हतं.

"तवा असा दिसला तर आई चिडून जाईल," बायको थोड्या वेळाने म्हणाली. "आणि चांगला झाला तर घेऊन जाईल."

दोन्हींत दुसरं बरं, असं हेडक्लार्कांनी सुचवलं. निदान बोलणी तरी खावी लागणार नाहीत. बायको हसली नाही. काही असो, तवा पूर्ववत करायचा, आणि चौदा दिवसांत करायचा, असं ठरलं. त्याच मुहूर्तावर त्यांनी तवा शेवटचा म्हणून पाण्याने धुऊन कट्ट्यावर निथळत ठेवला, आणि चहा होईपर्यंत तो नारिंगी झाला. उघड्या बिडावर पाणी पडलं की बघता बघता गंज चढतो, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. हेडक्लार्कांनी विचारलं. चाळीस मिनिटांनी त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या: जवसाचं तेल आणि मोठी आच. तेल तापून तापून लोखंडाला असं धरतं की मग ते तेल राहतच नाही, त्याचं कवच होतं, असं प्राध्यापक म्हणाले, आणि त्यासाठी त्यांनी फळ्याअभावी भिंतीवर आकृतीही काढली. तेल किती लावायचं हे विचारायचं राहिलं. पंचावन्न वर्षांचं काम चौदा दिवसांत करायचं तर हात आखडता घेऊन चालणार नाही, असा सरळ हिशोब हेडक्लार्कांनी स्वतःच केला.

त्यानंतर जे झालं त्याची नोंद सोसायटीच्या दप्तरात आहे. तेलाने निथळणारा तवा मोठ्या आचेवर ठेवल्यावर दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघर दिसेनासं झालं, बाराव्या मिनिटाला जिन्यातली धुराची घंटा वाजू लागली, आणि पंधराव्या मिनिटाला चारही मजल्यांची माणसं खाली आवारात उभी होती. प्राध्यापक एका पायात चप्पल घालून आले होते. सगळ्यांत शेवटी जिन्यातून हेडक्लार्क आले. जळत्या घरातून माणूस महत्त्वाची कागदपत्रं घेऊन बाहेर पडतो. यांच्या हातात फडक्यात धरलेला धुमसता तवा होता.

आवारात उभ्या उभ्या सल्ल्यांचा पाऊस पडला. तोपर्यंत या इमारतीत कुणाला तव्याबद्दल काही मत असेल अशी शंकासुद्धा आली नव्हती. आता कळलं की प्रत्येकाच्या आईकडे एक बिडाचा तवा होता आणि प्रत्येकाची आई त्याचं काहीतरी वेगळंच करत असे. समोरच्या काकू म्हणाल्या, जाड मीठ आणि बटाट्याच्या साली घालून घासा. सेक्रेटरी म्हणाले, तीन दिवस गरम राखेत पुरून ठेवा. राख कुठून आणायची असं विचारल्यावर ते म्हणाले, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तवा उजेडात धरून नीट पाहिला आणि थर एकदा गेला की गेला, असं दुःखाने सांगितलं. प्राध्यापकांनी मात्र, जवसाचं तेल कुणी सांगितलं, असं सगळ्यांच्या देखत विचारलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीची नोटीस आली. निवासी इमारतीत धातूवर प्रक्रिया करणे हा उद्योग या सदरात मोडतो, सबब तीन दिवसांत खुलासा करावा. शिवाय ड्रिल मशीन फिरताना आता दळणाच्या गिरणीसारखं घरघरत होतं, त्याचाही खुलासा करावा. हेडक्लार्कांनी दोन पानी खुलासा केला, मुद्देनिहाय, समासासह. सेक्रेटरींच्या सबंध कारकिर्दीत त्यांच्या नोटिशीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. ते इतके खूष झाले की त्यांनी लगेच दुसरी नोटीस काढली. बायको म्हणाली, तुम्हा दोघांना एक खोली भाड्याने घेऊन द्यावी.

इकडे तवा थंड झाला होता आणि त्याच्यावर मधासारखा चिकट थर बसला होता. एक माशी त्यावर बसली ती तिथेच राहिली. सकाळी त्यावर पहिलं अंडं फोडलं. अंड्याचा वरचा निम्मा भाग ताटलीत आला आणि खालचा निम्मा तव्यावर कायमस्वरूपी रुजू झाला. दुसऱ्या दिवशी काकूंचं मीठ आणि साली झाल्या, त्याने फक्त साली वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी नवरा-बायकोने चिंध्या झालेलं अंडं मुकाट्याने खाल्लं. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, आज मी वाचनालयातच काहीतरी खाईन.

पण त्याच दिवशी ती एक पुस्तक घेऊन आली. जुनी भांडी सांभाळण्याबद्दलचं ते पुस्तक वाचनालयात आल्यापासून कुणीही नेलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की चिकट थर काढून टाकावा, तवा आचेवर कोरडा करावा, तेलाचा हात फिरवावा, आणि मग ते तेल चुकून लागलं होतं असं समजून सगळं पुसून टाकावं. तवा भट्टीत उपडा घालून तासभर चांगला तापवावा, भट्टीतच निवू द्यावा. असं सहा वेळा करावं. हेडक्लार्कांना हे मनापासून पटलं, कारण आता लिहिलेलं सापडलं होतं. त्यांनी तवा पुन्हा राखाडी होईपर्यंत घासला. या वेळी हाताने, कारण ड्रिल मशीन चौकशीत अडकलं होतं. मग तेल लावलं, पुसलं, आणि घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये घालायला गेले तर दांडा चार बोटं बाहेर. दार लागेना. प्राध्यापक दांडा कापायला यायला तयार होते. त्यांना चहा देऊन परत पाठवण्यात आलं.

आता मोठी भट्टी होती ती एकच, ऑफिसच्या प्रयोगशाळेत. तिथे विटा, वाळू आणि खडी तापवून तपासली जात. ती सांभाळणारे गृहस्थ हेडक्लार्कांहून दोन वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले, आणि भट्टीवर इतकं प्रेम करणारे होते की सगळे त्यांना भट्टीसाहेबच म्हणत. साहित्याला नमुना क्रमांक असल्याशिवाय भट्टीत काही जात नाही, असं भट्टीसाहेबांनी सांगितलं. त्यात काय अवघड होतं. नमुन्यांची नोंदवही हेडक्लार्कांच्याच टेबलावर असे. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नमुना क्रमांक चारशे अकरा. वर्णन, बिडाची गोल वस्तू, दांड्यासह. सादरकर्ता, स्वतः. बुधवारी दोन वेळा, गुरुवारी दोन वेळा, शुक्रवारी दोन वेळा तवा भट्टीत गेला, वाळूचे नमुने दोन्ही बाजूंना आणि मधे सासूबाईंचा तवा. शुक्रवारी संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा काळसर तपकिरी झाला होता, एकसारखा, कोरडा, हाताला गुळगुळीत. हेडक्लार्कांनी तो खिडकीपाशी धरून फिरवून पाहिला. त्यांचे डोळे खरोखर पाणावले. मग भट्टीसाहेबांनी तो त्यांच्या हातून घेतला, दांड्याला सुतळीने चारशे अकराचं लेबल बांधलं, नमुना खोलीतल्या फळीवर ठेवला आणि कुलूप लावलं.

"नव्वद दिवस," भट्टीसाहेब म्हणाले.

हेडक्लार्कांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मागे एकदा एका ठेकेदाराच्या विटांचा नमुना तपासणीनंतर गायब झाला होता आणि मोठा गहजब झाला होता. तेव्हा एक परिपत्रक निघालं. भट्टीत गेलेला कोणताही नमुना नव्वद दिवस कुलपात राहील आणि कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही विनंतीवरून बाहेर दिला जाणार नाही. भट्टीसाहेबांनी ते भिंतीवरून काढून आणलं. खाली सही मोठ्या साहेबांची होती. पण भाषा कुणाची ते दोघांनाही ठाऊक होतं.

"'कोणाच्याही' हा शब्द मी तेव्हाच म्हटलं होतं काढा," भट्टीसाहेब म्हणाले. "तुम्ही म्हणालात, राहू दे, वजन येतं."

परवा रविवार होता. सासूबाईंचं तिकीट निघालं होतं. हेडक्लार्कांनी आपणच लिहिलेलं परिपत्रक शत्रूचं पत्र वाचावं तसं तीनदा वाचलं, आणि तिसऱ्या वाचनात त्यांना कलम सात सापडलं. जो नमुना चाचणीत नापास होईल तो दुरुस्त करून पुन्हा सादर करण्यासाठी सादरकर्त्यास तत्काळ परत करावा. म्हणजे तवा नापास व्हायला हवा होता. मग लिहून टाका नापास, असं ते म्हणाले. भट्टीसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हेडक्लार्कांना आपण लाच देऊ केल्यासारखं वाटलं. छत्तीस वर्षांत त्यांनी चाचणीशिवाय कुठल्या विटेलाही नापास केलेलं नव्हतं.

तेव्हा शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत तव्याची चाचणी झाली. हेडक्लार्कांनी घरून एक अंडं, बायकोने दिलेल्या रुमालात गुंडाळून, बसच्या प्रवासात मांडीवर सांभाळत आणलं. भट्टीसाहेबांनी तवा शेगडीवर ठेवला, थेंबभर तेल लावलं, अंडं फोडलं आणि हातात घड्याळ धरलं. हेडक्लार्क मनात म्हणत होते, चिकट, चिकट. दोन मिनिटांनी भट्टीसाहेबांनी उलथनं सारलं. कडा अलगद सुटल्या. डावी बाजू सुटली. उजवी बाजू तर अशी घसरली की भट्टीसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मधोमध मात्र रुपयाएवढी जागा होती, तिथे अंडं अडलं, ताणलं गेलं आणि फाटलं.

"मध्यभागी चिकटतो," भट्टीसाहेब म्हणाले, आणि लिहू लागले.

इथे हेडक्लार्कांनी गप्प बसायला हवं होतं. पण पंधरवडाभर घासून त्या माणसाच्या बोटांची सालं निघाली होती. ते म्हणाले, तसा काही फार चिकटला नाही. भट्टीसाहेब म्हणाले, फाटलं की अंडं. हेडक्लार्क म्हणाले, उलथनं घालायची घाई झाली, अजून अर्धा मिनिट थांबला असतात तर सुटलं असतं, आणि शेगडीची आच मध्ये जास्त आहे, हा तव्याचा दोष नव्हे. भट्टीसाहेबांनी पेन उचलून धरलं आणि शांतपणे विचारलं, "मग पास लिहू?"

हेडक्लार्कांनी मान खाली घातली. नापासाचा शिक्का उमटला. अहवालात लिहिलं गेलं की नमुना मध्यभागी चिकटतो, दुरुस्त करून पुन्हा सादर करावा. पुन्हा सादर करण्याच्या मुदतीची जागा सादरकर्त्याने भरायची असते म्हणून ती रिकामी राहिली. तवा आणि अहवाल एकाच पिशवीत घालून हेडक्लार्क घरी आले. अहवाल वाटेत फाडून टाकावा असं त्यांना बायकोने सुचवलं असतं, पण शिक्क्याचा कागद फाडणं त्यांना जमलं नसतं.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. बरोबर एक मोठी रिकामी बॅग होती, उरलेलं सामान न्यायला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांना सगळं दिसू लागलं. छताच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं दिसलं, लेकीच्या कानामागचे पांढरे केस दिसले, कुंडीतलं रोप वाढलेलं दिसलं. त्यांच्या डोक्यावरचे बरेच गेलेत की गं, असं त्या लेकीला म्हणाल्या. 'ते' समोरच उभे होते. मग त्यांनी दारावरच्या कागदातल्या चौथ्या सूचनेकडे पाहिलं, आणि कट्ट्यावरच्या तव्याकडे.

हेडक्लार्कांनी एक निवेदन तयार केलं होतं, सहा मुद्द्यांचं. ते सगळं विसरून ते म्हणाले, "आई, साबण नाही लावला."

सासूबाईंनी तवा उचलला नाही. आधी अंगठा फिरवला, मग बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकला, मग तो उलटा करून पाठ पाहिली. जिथे पंचावन्न वर्षांची खपली होती तिथे हात ठेवून त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. हेडक्लार्कांना वाटलं, रागावल्या तर बरं होईल. त्यांनी ब्रश, वाळू, ड्रिल, जवसाचं तेल, घंटा, भट्टी, सगळं क्रमाने सांगून टाकलं, आणि एकही गोष्ट वगळली नाही, कारण वगळायचं कसं ते त्यांना येत नव्हतं.

"माझी चूक झाली," शेवटी ते म्हणाले. "फार वाईट वाटतंय."

सासूबाईंनी दांड्याचं लेबल पाहिलं, पिशवीतून डोकावणारा कागद ओढून काढला आणि चष्म्याशिवाय, मोठ्याने, शिक्क्यासकट वाचला. मग त्यांनी शेगडी पेटवली, तवा चढवला, अंडं फोडलं आणि हाताची घडी घालून थांबल्या. भट्टीसाहेबांपेक्षा अर्धा मिनिट जास्तच थांबल्या. उलथनं सारलं. कडा सुटल्या. मध्ये फाटलं.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ते फाटलेलं अंडं ताटलीत घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. खाताना त्या लेकीला सांगत होत्या की सुरुवात वाईट नाही, पण तवा अजून कच्चा आहे. तयार तवा कशावरही चालतो. कच्च्याला मात्र रोजची आच लागते, खरी, जाळाची. तुझ्या भावाकडे शेगडी म्हणजे नुसती सपाट काच आहे, जाळ दिसतसुद्धा नाही, तिथे हा जन्मात व्हायचा नाही. इथेच रोज वापरून वापरून करावा लागेल, आणि ते काम याच्यावर वाळू घासणाऱ्या माणसाच्या हाती सोपवून जाता येणार नाही.

"भावाला फोन कर," त्या म्हणाल्या. "म्हणावं, तवा नापास झालाय. इतक्यात येत नाही."

बायको फोनकडे गेली, पण तिने बराच वेळ नंबर लावला नाही, पाठमोरी उभी राहून नुसतं नाक पुसत राहिली. हेडक्लार्कांना आनंद झाला, चांगला घसघशीत आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दाखवावा की नाही हे न कळल्यामुळे ते कुंडीला पाणी घालायला निघाले. वास्तविक तो पाण्याचा दिवस नव्हता.

"इकडे या," सासूबाई म्हणाल्या.

हेडक्लार्कांनी सवयीने बायकोकडे पाहिलं, निरोप कुणासाठी आहे ते कळावं म्हणून. बायको फोनवर भावाशी बोलत होती. सासूबाई सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या, नव्या डोळ्यांनी, आणि अहवालाचा कागद पुढे करत होत्या. पुन्हा सादर करण्याची मुदत, इथे जागा रिकामी आहे, त्या म्हणाल्या. असा अर्धवट कागद घरात ठेवू नये. भरा.

हेडक्लार्कांनी खिशातलं पेन काढलं. किती लिहू, त्यांनी विचारलं.

"रोज केलं तर वर्षभर लागेल. एक वर्ष लिहा."

एकतीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा वेगळा आकडा कधीही कुठल्या कागदावर लिहिला नव्हता. त्यांनी कागद कट्ट्यावर नीट सपाट केला, पेनचं टोपण मागे लावलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, तीन वर्षे.

सासूबाईंनी कागद हातभर लांब धरला आणि वाचला. त्यांना आता तारेवरची पाखरंसुद्धा मोजता येत होती. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"सही राहिली," त्या म्हणाल्या.